उष्टं कुठं गेलं?

ऑफिसातला वजनाचा काटा घरी आणायची काही एक गरज नव्हती. असं आता ग्रॅमसाहेब स्वतःच म्हणतात, तेही कुणी न विचारता. पण त्या संध्याकाळी त्यांना ती मोठी अक्कलहुशारीची गोष्ट वाटली. काटा टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून ते जिना चढले, तेव्हा शेजाऱ्यांना क्षणभर वाटलं, साहेबांकडे दुसरं बाळ झालं की काय!

ग्रॅमसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसनं ठेवलेलं. घरोघरी जाऊन लहान मुलं काय खातात, किती खातात आणि त्यातून त्यांच्या पोटात लोह किती, जस्त किती, जीवनसत्त्वं किती जातात हे मोजायचं, असं त्यांचं ऑफिस. ऐकायला सोपं वाटतं. पण मुलाला विचारावं तर ते 'मम्मम' एवढंच सांगतं, आणि आईला विचारावं तर 'कुठं काय खातोय तो!' म्हणून ती आपलंच दुःख सांगत बसते. म्हणून मग काटा. ताट वाढलं की वजन करायचं, जेवण झालं की उरलेल्याचं वजन करायचं, वजाबाकी केली की पोटात काय गेलं ते हातात. मग एवढ्या डाळीत लोह किती, एवढ्या गाजरात जीवनसत्त्व किती, ते तक्त्यात बघायचं. झालं.

"झालं?" असं कुणा नवशिक्यानं म्हटलं रे म्हटलं की ग्रॅमसाहेब खुर्चीवरून उठत. नव्या पोरापोरींना हे काम शिकवायचं त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचं एक व्याख्यान ऑफिसात गाजलेलं होतं.

"ताट रिकामं झालं म्हणजे मूल जेवलं, असं समजणारा माणूस या कामात टिकायचा नाही!" ते टेबलावर हात आपटत. "अरे, एका ताटावर दहा जणांचा डोळा असतो. ताई एक घास उचलते. कुत्रं खुर्चीखाली टपलेलं असतं. आजी म्हणते, अन्न वाया कशाला घालवायचं, आणि टाकते तोंडात. आणि तुम्ही काय लिहिता? बाळानं सगळं संपवलं! लाज वाटली पाहिजे. प्रत्येक घरात, प्रत्येक ताटाला एकच प्रश्न विचारायचा. काय विचारायचं?"

"उष्टं कुठं गेलं?" पोरं एका सुरात म्हणत.

"ऐकू नाही आलं!"

"उष्टं कुठं गेलं?"

या एका प्रश्नावर साहेबांनी आजवर कितीतरी आज्या पकडल्या होत्या, झालंच तर दोन-चार आजोबा, एक मांजर, आणि नातवाचं केळं दाराआड उभं राहून खाणारे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या नजरेतून घास सुटत नसे.

अशा माणसाच्या घरात भांडण कशावरून होणार? मुलीच्या जेवणावरूनच. मुलीचं लाडकं नाव गोटी. जन्मली तेव्हा गोटीसारखी वाटोळी होती. आता दोन वर्षांची होऊन गेली होती आणि वाटोळं असं तिच्याजवळ नावच तेवढं राहिलं होतं.

साहेबांची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दुपारी जायची ती दिवे लागल्यावर परतायची. त्यामुळे सकाळी ती गोटीला भरवायची, आणि संध्याकाळी पाळणाघरातून आणून साहेब भरवायचे. एक दिवस कामावरून आली ती चप्पलही न काढता म्हणाली, "अहो, गोटी काही खात नाही."

"किती खात नाही?" साहेबांनी विचारलं.

"किती म्हणजे? खात नाही म्हणजे नाही खात. तिच्या कानाच्या पाळ्या बघा, कशा पांढऱ्याफटक दिसतात. दोन पायऱ्या चढली की कडेवर घे म्हणते. मला काही तिचं लक्षण बरं दिसत नाही."

"ही माहिती नाही," साहेब मान हलवत म्हणाले. "ही भावना आहे. माझ्याकडे जेवते की व्यवस्थित. ताट धुवावं लागत नाही इतकं चकचकीत करते!"

"मग माझ्याकडेच का नाही जेवत?"

आता इथं शहाण्या माणसानं 'कुणास ठाऊक' म्हणून विषय संपवला असता. पण साहेब शहाणे नव्हते, तज्ज्ञ होते. ते म्हणाले, "मोजू या." आणि दुसऱ्या दिवशी काटा घरात आला.

काटा आला तशी घराला शिस्त आली. ओट्यावरच्या बरण्या मागे सरल्या, काट्याला मधली जागा मिळाली. गोटीची वाटी आधी रिकामी मोजायची, मग भात घालून, मग डाळ घालून, मग कुस्करलेलं अंडं घालून. गोटीच्या गळ्यात लाळेरं बांधायचं, तेही आधी मोजलेलं (कारण लाळेऱ्यावर काय सांडलं ते वजा करायला नको?). जेवण झालं की साहेब गुडघ्यांवर बसून टेबलाखालची शितं चिमटीनं गोळा करायचे आणि मोजायचे. जगात इतक्या काळजीनं कुणाची शितं कुणी मोजली नसतील.

आणि भरवायचेही मन लावून. चमचा भरायचा, आधी गरम आहे का म्हणून आपल्या जिभेला लावून बघायचा. जिभेला लावला की तो थोडा आत जातोच, त्याला काय करणार? मग दुसरा चमचा. "आ कर, गोटी, आऽऽ!" असं म्हणताना भरवणारा स्वतः आधी आ करतो, हे कुणाही आईबापाला सांगायला नको. साहेबांचा आ तर चांगला दार उघडल्यासारखा होता. गोटी त्या उघड्या दाराकडे बघायची, बापाच्या हातातला चमचा आपल्या इवल्या मुठीत धरायची आणि नेमका त्या दारात घालायची. "अगं लबाडे!" म्हणून साहेब तो गिळायचे. मग एक घास ती खायची. मग ती तोंड फिरवायची. मग "बघ, बाबा कसा खातो, मटामट!" हे दाखवायला एक. मग चमच्याला चिकटलेला एक, तो काय परत वाटीत झटकायचा? आणि शेवटी तळाशी एवढंसं राहिलेलं, ते कुठं ठेवायचं, म्हणून ते. वाटी रिकामी झाली की साहेब टाळ्या वाजवायचे, "संपलं! शाब्बास गोटी!" आणि गोटीही खुशीत येऊन टाळ्या वाजवायची.

मग वजाबाकी. वाढलं एवढं, उरलं शून्य, सांडलं चार शितं. लोह भरपूर. जस्त भरपूर. जीवनसत्त्व तर विचारूच नका.

सगळ्या हिशेबात एकच भोक राहिलं होतं आणि ते साहेबांच्या मिशीखाली होतं. पण स्वतःची मिशी माणसाला आरशाशिवाय दिसत नाही, आणि आरसा काही काट्याला जोडलेला नव्हता.

बायकोच्या सकाळच्या वाटीत मात्र अर्ध्याहून जास्त परत यायचं. कारण ती बिचारी स्वतः काही खायची नाही. 'पोरीच्या तोंडचा घास' म्हणून उरलेलं झाकून ठेवायची, थोड्या वेळानं परत भरवून बघायची. साहेब ते झाकलेलं उघडून मोजायचे.

"हे बघ," एका रविवारी त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. आवाज अगदी मऊ ठेवला होता, घाबरलेल्या आयांशी बोलायचा ऑफिसचा ठेवणीतला आवाज. "यात तुझी चूक नाही. तू काळजी करत भरवतेस, ती काळजी पोरीला कळते. माझ्याकडे बघ कशी हसत जेवते. तुझ्या हातून निम्मं परत येतं, माझ्या हातून काही म्हणजे काही परत येत नाही."

बायको काट्याकडे बघत राहिली. ती काचेवरचा केसाएवढा ओरखडा बघणारी बाई. नजरेला दिसत होतं ते एक होतं आणि काटा सांगत होता ते दुसरं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे माझ्याच हाताला गुण नाही."

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे. मग सकाळचंही तुम्हीच भरवा. तिच्या पोटात गेल्याशी मतलब."

आणि साहेबांनी, देव त्यांना क्षमा करो, हे मान्य केलं. मनातून थोडे सुखावलेसुद्धा. वर एक सूचनाही केली, की जेवताना आई समोर असली की मुलीचं लक्ष जातं, तेव्हा तू आपली आतल्या खोलीत बसत जा. ती आत बसायला लागली. जेवण चालू असलं की दाराच्या फटीतून तिची सावली जमिनीवर पडलेली दिसायची, ती जेवण संपेपर्यंत हलायची नाही.

दोन्ही वेळची वाटी आता रिकामी व्हायला लागली. तक्ता असा भरला की ऑफिसात फ्रेम करून लावावा. गोटी मात्र जिना चढायची बंद झाली आणि पॅसेजमधल्या भिंतीचा पोपडा खरवडून खायला शिकली.

"अहो, ती भिंत खातेय!" बायको धावत आली. गोटीच्या ओठांवर पांढरी पूड होती.

"कुतूहल असतं या वयात," साहेब म्हणाले. आणि मग त्यांनी एक विनोद केला. तो विनोद आजही आठवला की ते जिथं असतील तिथं डोळे मिटून घेतात. ते म्हणाले, "चुना आहे. कॅल्शियमच्या रकान्यात धरू."

बायको हसली नाही. "आपण डॉक्टरांना दाखवू या. मी उद्या सुट्टी घेते."

"अगं, डॉक्टर तरी काय करणार? तो पहिला प्रश्न विचारणार, काय खाते? मी त्याच्यापुढं आकडे ठेवीन, तो म्हणेल, साहेब, तुम्ही माझ्याकडे कशाला आलात, मीच तुमच्याकडे येतो. हसं होईल आपलं. थोडं थांबू."

थोडं थांबले. बायकोनं पुन्हा विषय काढला नाही. उलट त्या दिवसांत तिला नवऱ्याचीच काळजी लागली, कारण साहेबांचं स्वतःचं जेवण कमी झालं होतं. ताटावर बसले की म्हणायचे, "आज काही भूकच नाही बुवा."

"ऑफिसचं काम फार पडतंय तुम्हाला," ती म्हणायची आणि त्यांच्यासाठी दूध गरम करायची. दूध ते प्यायचे. पँटचं वरचं बटण लागेनासं झालं तेव्हा ते शिंप्यावर रागावले.

आता हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं तर कदाचित अजून बरेच दिवस चाललं असतं. पण आपलं यश कुणाला तरी सांगितल्याशिवाय माणसाला पचत नाही. साहेबांनी ते प्रशिक्षणात सांगितलं. "माझ्या घरचं उदाहरण घ्या," असं दर तासाला एकदा व्हायला लागलं. शेवटी त्यांच्या वरच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "साहेब, या पोरांना सरावासाठी एक घर हवंच आहे. तुमच्याइतकं चोख घर कुठलं मिळणार? सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना तुमच्याकडेच घेऊन येते. मूल जेवताना सगळे बघतील, सगळे मोजतील, आकडे जुळतात का पाहू."

साहेबांची छाती फुगली. (छाती फुगली की पोट आत जातं म्हणतात. साहेबांचं गेलं नाही.)

सुट्टीच्या सकाळी मंडळी आली. पाच-सहा पोरंपोरी, प्रत्येकाच्या हातात पॅड आणि पेन, आणि मोठ्या मॅडम. खोली एवढीशी, त्यामुळे निम्मे भिंतीला टेकून उभे राहिले. बायकोनं घर लखलखीत करून ठेवलं होतं. सगळ्यांना पाणी दिलं आणि ती शिकवल्याप्रमाणे आतल्या खोलीत जाऊन बसली.

"वहिनी बाहेर नाही थांबत?" मॅडमनी विचारलं.

"लक्ष जातं मुलीचं," साहेब म्हणाले. "पद्धत आहे आमची. चला, सगळ्यांनी काट्याकडे बघा."

वाटी मोजली. भात मोजला, डाळ मोजली, अंडं मोजलं, लाळेरं मोजलं. लाळेरं मोजताना एका पोरीनं आदरानं मान हलवली. गोटीला उंच खुर्चीत बसवलं आणि जेवण सुरू झालं.

गरम आहे का, एक चमचा. "आ कर, आऽऽ!" दुसरा, तो गोटीनं मुठीत धरून बापाला भरवला. "अगं लबाडे!" तिसरा गोटीनं खाल्ला. चौथा बाबा कसा खातो त्याचा. पेनं सुरुवातीला भराभर चालत होती, ती हळूहळू थांबली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मग छताकडे. साहेब आपल्या तंद्रीत. "शाब्बास! बघा कशी खातेय!"

"साहेब," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "जरा थांबा."

"का? काही चुकलं मोजताना?"

"आत्ताचा घास कुठं गेला?"

"कुठला?"

"हा आत्ताचा."

"गोटीनं खाल्ला की."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "साहेब, तुमच्या मिशीला अंडं लागलंय."

साहेबांनी मिशीला हात लावला. अंडं होतं खरं. "अहो, ते गरम आहे का बघावं लागतं ना. पोळलं तिचं तोंड तर?"

"बरोबर आहे. आणि त्याच्या आधीचा?"

"तो... ती तोंड उघडत नव्हती, म्हणून दाखवायला."

"आणि त्याच्या आधीचा?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड बघून गोटीला वाटलं, पुढचा घास मागताहेत. तिनं वाटीतच मूठ घातली, भाताचा गोळा उचलला आणि अख्खा बापाच्या तोंडात कोंबला. मग टाळ्या वाजवल्या. साहेबांना बोलता येईना आणि थुंकताही येईना. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो गिळला.

भिंतीला टेकलेल्या एका पोराच्या तोंडून सवयीनं, वर्गात म्हणतात त्याच सुरात निघून गेलं, "उष्टं कुठं गेलं?" आणि मग त्यानंच घाईनं तोंडावर पॅड धरलं.

हसू फुटलं ते फुटलंच. साहेबसुद्धा कसनुसे हसले. पण तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बायको चौकटीत उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे बघितल्यावर खोलीत कुणालाच हसू राहिलं नाही.

"वहिनी, तुम्ही भरवता का जरा?" मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि साहेब, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा. तोंड मिटून."

बायको गोटीसमोर बसली. तिनं एक घास पुढं केला. गोटीनं तो तोंडात घेतला नाही, हातात घेतला. मग ती धडपडत खुर्चीतून उतरली, धापा टाकत कोपऱ्यात गेली आणि बापाच्या मिटलेल्या ओठांवर तो घास दाबत म्हणाली, "बाबा, आऽऽ कल!"

साहेबांनी तोंड उघडलं नाही. गोटीचा चेहरा पडला. तिला वाटलं आपलं काही चुकलं. इतके दिवस घरात जेवण म्हणजे काय, तर बाबाला भरवायचं, वाटी रिकामी झाली की टाळ्या मिळवायच्या, हेच ती शिकली होती. आणि शिकवणारा माणूस ऑफिसात नव्या पोरापोरींना उष्टं शोधायला शिकवत होता. भाताची शितं साहेबांच्या मिशीवरून शर्टावर पडत राहिली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी लवकर उठली. मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "चालायचंच, साहेब. सगळेच बाप करतात." त्यांना वाटलं यानं साहेबांना बरं वाटेल. पण सगळ्या बापांकडे काटा नव्हता, आणि सगळ्या बापांनी बायकोला आतल्या खोलीत बसवलं नव्हतं.

दार लागलं. बायको भांडेल, आदळआपट करेल, अशी साहेबांची अपेक्षा होती. आशाच म्हणा ना. पण तिनं गोटीला मांडीवर घेतलं, तिचे हात पुसले आणि काट्यावरची वाटी खाली उतरवली.

"माझं चुकलं," साहेब म्हणाले.

तिनं गोटीच्या गळ्यातलं लाळेरं सोडलं.

"अगं, खरंच मला कळलंच नाही."

"तुम्ही मला खोटी म्हणाला असतात तर चाललं असतं," ती म्हणाली. "मी भांडले असते. तुम्ही मला गोड बोलून समजावून सांगितलंत. मलाही ते पटलं. दुकानात काच घासताना मी विचार करायचे, की कसली आई आहे मी, माझ्या हातचं माझं लेकरू खात नाही. काच ओली व्हायची, परत पुसायला लागायची. मालक म्हणायचे, डोळे तपासून घे एकदा."

साहेबांनी शर्टावरची शितं झटकली.

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "तू पहिल्या दिवशी सांगितलंस ते सगळं खरं होतं."

"परत म्हणा."

"तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं."

"हं," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही यायचं. आकडे आणायचे नाहीत."

डॉक्टर वयस्कर होते, बोलायला गोड होते. त्यांनी गोटीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि विचारलं, "माती, खडू, भिंत, असलं काही खाते?"

"भिंत खाते," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

साहेबच म्हणाले, "बरेच दिवस झाले. ही तेव्हाच आणू या म्हणत होती. मीच थांबू म्हटलं."

"थांबायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. रागावून नाही, सहज म्हणाले, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "लोह कमी पडलं की मुलं असं करतात. आधी आला असतात तर पोरीचे इतके हाल झाले नसते. असो, अजून उशीर झालेला नाही. औषधानं येईल भरून. रक्त तपासू. कधीकधी हे घराण्यातूनही येतं, तेव्हा तुमचं दोघांचंही घेऊन टाकतो."

सुई टोचली तेव्हा गोटी रडली, आणि रडतारडता आईच्या गळ्यात पडली. साहेबांनी हात पुढं केले होते, ते तसेच राहिले. घरी येताना जिन्यात तिला कडेवर बायकोनंच घेतलं. साहेब मागून पिशवी घेऊन चढले आणि मधल्या जिन्यावर त्यांनाच दम लागला.

त्यानंतर भरवायला बायको बसायला लागली. साहेब जेवण संपेपर्यंत गॅलरीत उभे राहायचे, रस्त्याकडे तोंड करून. पहिल्या दिवशी गोटीनं दोनच घास खाल्ले. मग तीन. किती खाल्लं असं विचारायचं साहेबांच्या अगदी ओठांवर यायचं. ते ओठ मिटून घ्यायचे. काटा परत टॉवेलात गुंडाळून ऑफिसात गेला, आणि प्रशिक्षणातलं ते व्याख्यान साहेबांनी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं.

रिपोर्ट आले तेव्हा तिघंही परत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तीन कागद टेबलावर पसरले. गोटीचं लोह बरंच कमी होतं. औषध लिहून दिलं, जेवणात हळूहळू काय काय वाढवायचं ते सांगितलं. बायकोचंही थोडं कमीच होतं. "तुम्ही जेवत नाही वाटतं वेळेवर," ते म्हणाले. बायको खाली बघत होती.

मग त्यांनी तिसरा कागद उचलला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कागद बघितला, साहेबांकडे बघितलं, परत कागद बघितला.

"वा!" ते म्हणाले. "साहेब, अहो, या वयात असा रिपोर्ट मी फार दिवसांनी बघतोय. हिमोग्लोबिन बघा, लोह बघा! म्हणजे घराण्यातून काही आलेलं दिसत नाही. काय घेता काय तुम्ही? टॉनिक वगैरे?"

साहेबांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता ती सांगणार, आणि सांगायचा तिला हक्कच होता. दारापर्यंत रांग लागलेली होती, कंपाउंडर कान देऊन उभा होता. आतल्या खोलीत बसून काढलेल्या एकेका जेवणाची परतफेड एका वाक्यात झाली असती.

बायकोनं गोटीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"टॉनिक कसलं," ती म्हणाली. "घरचंच खातात. साधं आपलं, डाळभात, अंडं."

"उत्तम!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी तो कागद साहेबांच्या हातात दिला. "मग वेगळं काही करायला नको. तेच थोडं मुलीलाही देत चला."